एग्बेरेची गोधडी

आमची मुलगी हा दंतकथेतला प्राणी आहे, हे आम्हाला शेजारणीकडून कळलं.

शेजारीण म्हणजे टोबीची आई. नायजेरियातल्या योरुबा लोकांपैकी. आवाज असा, की कॅनडातल्या विनिपेगच्या ऐन थंडीत तिने नुसतं 'गुड मॉर्निंग' म्हटलं तरी आमच्या छपरावरचा बर्फ घसरतो. एका सकाळी ती ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होती आणि आमची अडीच वर्षांची ओवी काखेत गोधडी धरून गळा काढत होती (कारण: मी डावा बूट आधी चढवला). टोबीच्या आईने फावडं बर्फात रोवलं.

"ही तुमची मुलगी नाही. ही एग्बेरे आहे."

"म्हणजे कोण?"

"रानातलं भूत. एवढंसं असतं. काखेत चटई घेऊन रडत फिरतं. आमच्याकडे रडक्या पोरांना सगळे एग्बेरेच म्हणतात. ताप आला की माझ्या नवऱ्यालाही मी तेच म्हणते."

"त्रास देतं का?"

"छे. उलट त्याची चटई जो हिसकावून घेईल तो गडगंज श्रीमंत होतो. फक्त ते मागे मागे येऊन रडतं. काही दिवस ते सोसायचं."

"मग तुमच्यात श्रीमंत कोण कोण झालं?"

"कोणीच नाही," ती पुन्हा फावडं उचलत म्हणाली. "पहिल्याच रात्री सगळे चटई परत करतात."

आता मी पडलो साताऱ्याचा. 'कोणीच नाही' ऐकलं की माझी छाती आपोआप पुढे येते (उंची येत नाही, ती पाच फूट एकवर थांबली ती थांबलीच). शिवाय गरजही होती. दोन हिवाळे वाट बघून ओवीला डेकेअरमध्ये जागा मिळाली होती आणि सोमवारपासून माझी बायको शरयू कामावर रुजू होणार होती. डेकेअरच्या बाईंनी बजावलं होतं, घरचं पांघरूण आत चालणार नाही. मूल त्याशिवाय राहिलं नाही, तर जागा रांगेतल्या पुढच्याला. आणि आमची ओवी माझ्या आईने जुन्या नऊवारी लुगड्यांतून शिवलेल्या त्या गोधडीशिवाय वॉशरूमलासुद्धा जात नव्हती.

"या वीकेंडला गोधडी काढून घेतो," मी जाहीर केलं.

"आणि ती रडली की?" शरयूने विचारलं.

"सोसायचं. जगात पहिल्यांदाच कोणीतरी शेवटपर्यंत सोसणार आहे."

"सोस. मी ग्रोसरी आणते," ती म्हणाली, आणि कोथिंबिरीची एक जुडी आणायला बहुधा टोरांटोला गेली.

मी गोधडी बेसमेंटमध्ये, घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसच्या मागे लपवली. ओवीने सूर लावला. मंद्रातून ती अशी वर चढली, की स्मोक अलार्मला वाटलं आपल्यालाच साथीला बोलावतायत. तोही सुरू झाला. मी स्नोब्लोअर चालवताना घालायचे इअरमफ कानांवर चढवले आणि निर्धाराने कांदा चिरायला बसलो.

तेवढ्यात साताऱ्याहून आईचा व्हिडिओ कॉल.

"काय झालं गं माझ्या राणीला?"

"बाबा टुक इट!"

आईला इंग्रजी येत नाही. नातीचं येतं.

"मंद्या, पोरीची गोधडी घेतलीस?"

"अगं, सवय मोडायला नको का?"

"तू चौथीपर्यंत माझा पदर धरून झोपायचास. करू का फोन शरयूला?"

मग आईही रडायला लागली. आता दोन खंडांत रडणं चालू होतं. त्यात ओवी फर्नेसकडे निघाली. शोधायची गरजच नव्हती. गोधडीला असा दूधवरणाचा वास होता, की तो मलाही वरपर्यंत येत होता. मी ओवीच्या आधी खाली धावलो, गोधडी गुंडाळून काखेत मारली आणि टोबीच्या घरी ठेवायला तसाच बाहेर पळालो. टोपी नाही, हातमोजे नाहीत. उणे तीसमधलं वारं तोंडावर आलं आणि डोळ्यांतून धारा लागल्या. टोबीच्या दाराशी पाय सटकला. माकडहाडावर आदळल्यावर मी जो आवाज काढला, तो ओवीनेही अजून शिकलेला नव्हता.

नेमकी त्याच वेळी एक व्हॅन येऊन थांबली. टोबीचा वाढदिवस होता. जाड जॅकेटांखाली झगमगीत कपडे घातलेली मंडळी उतरली आणि समोर बघत राहिली. बुटका प्राणी. गालांवर आसवं. काखेत गुंडाळी.

"एग्बेरे," नुकतेच नायजेरियाहून आलेले एक म्हातारे काका हळूच म्हणाले. मग त्यांना पुढची गोष्टही आठवली असावी, कारण ते लगबगीने आले आणि त्यांनी गोधडीचं दुसरं टोक धरलं.

"काका, ही माझ्या आईची आहे."

"रड, बाळा, रड," ते ओढत म्हणाले. "मी सोसतो."

माझ्याकडे निर्धार होता, त्यांच्याकडे वजन. मी ड्राइव्हवेवरून बसल्या बसल्या घसरत निघालो, आणि आता मात्र खरोखर रडत होतो. मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

"काका, सोडा त्याला," टोबीची आई दारातून ओरडली. "शेजारी आहे माझा. इंजिनिअर आहे."

काकांनी सोडली, पण हातातोंडाशी आलेली श्रीमंती सोडावी तशी.

मी लंगडत घरी आलो. ओवी खिडकीच्या काचेला नाक लावून उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. रडणं थांबलं होतं. तिने मला बोट धरून सोफ्यावर बसवलं आणि गोधडी माझ्या अंगावर टाकली.

"इट्स ओके, बाबा."

त्यानंतर तिने गोधडी मागितली नाही. मी परत देऊ केली, तर तिने पुन्हा माझ्याच अंगावर घातली.

शरयू आली. "काय, जिंकलास?"

"हो," मी गोधडीच्या आतून म्हणालो.

सोमवारी डेकेअरला निघताना ओवीने ती माझ्याच काखेत दिली. "बाबा नीड्स इट." दाराशी पोचल्यावर बोट सोडून आत गेली, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी तिथेच उभा राहिलो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं (वारं होतं).

बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पहिल्या दिवशी काहींना जड जातं," त्या मायेने म्हणाल्या. "पण नियम सगळ्यांना सारखा. पांघरूण घेऊन आत येता येणार नाही."