बाथरूममधली रोवणी

मागच्या खेपेला सासूबाई आमच्याकडे, धानाच्या मुलखातल्या गोरेगावला आल्या, तेव्हा अंघोळ करताना भिंतीचे निळे पोपडे त्यांच्या ओल्या केसांवर पडले. त्या तशाच एसटीत बसल्या आणि आपल्या गावी, नवेगावबांधला, उतरल्यावर भेटेल त्याला डोकं दाखवत घरी गेल्या. जावयाच्या घरचा आहेर! तेव्हापासून त्या गावात जायची मला चोरी झाली.

यंदा शेतातली धानाची रोवणी, म्हणजे रोपांची लावणी, आटोपली की त्या येणार होत्या. त्याआधी भिंत धड करायची आणि गेलेली अब्रू परत आणायची, असा मी पण केला. पेंटर मोबाइलवर खरबरीत भिंतींचे फोटो दाखवत म्हणाला, "भैया, टेक्स्चर का काम अलग होता है, सबको नहीं आता." मला त्याचा तो दीडशहाणा सूर आवडला नाही. म्हटलं, आपणच करू.

पोपडे खरवडले, गळका नळ बदलला, भिंत वाळू दिली. आता खरबरीतपणा कशाने आणायचा? आमच्याकडे मातीच्या भिंतीत धानाचा भुसा घालतात, मग पुट्टीत का नको? गिरणीवरून पिशवीभर भुसा आणला.

बायको म्हणाली, "पाखडून तं घ्या."

"कायले? भिंतीले का दात हायेत?" मी म्हटलं.

भिंत मात्र देखणी झाली. हात फिरवला की अंगावर काटा यायचा. वरून रंगाचा एक पातळ हात मारला. दुसरा मारायचा मला कंटाळा आला, हे इथेच कबूल करतो.

आठवड्याने सासूबाई आल्या आणि सकाळी अंघोळीला गेल्या. मी बाहेर पेपर उलटा धरून बसलो होतो. बराच वेळ आतून पाण्याचा आवाजच येईना. मग हाक आली, "जावईबापू, इकडं या जरा!"

गेलो. त्या लुगडं नेसून, बादलीशेजारी वाकून उभ्या होत्या. कोपऱ्यात, बादलीच्या आड, जिथे रोज पाणी उडतं तिथे, भिंतीतून हिरवेगार कोंब आले होते. चांगले बोटभर. भुशात राहिलेल्या धानानं आपलं काम केलं होतं.

"आमची रोवणी झाली," सासूबाई म्हणाल्या, "तुमची बाकी दिसून राहिली."

मागे बायको पदर तोंडात कोंबून हसत होती. मला इतकी लाज वाटली की चहासुद्धा गेला नाही.

सासूबाईंनी कोंब एकेक करून उपटले. खड्डे उरलेल्या पुट्टीनं स्वतःच्या बोटांनी असे लिंपले, की माझंच काम शेजारी गबाळं दिसू लागलं. जाताना ते कोंब त्यांनी ओल्या रुमालात बांधले.

"हे कायले नेता?" मी घाबरून विचारलं.

"दाखवाले."

संपलं, म्हटलं. त्यांना पोचवायला स्टँडवर गेलो. एसटी हलायच्या आधीच त्यांनी शेजारच्या बाईपुढे रुमाल उघडला होता. मी खिडकीखाली मान खाली घालून उभा.

"माह्या जावयाच्या भिंतीवर उगवले," त्या सांगत होत्या. मग डोक्यावरचा पदर मागे सारून त्यांनी केस पुढे केले. "पण पाहा बाई, पोपडा एक नाही!"