मोजून अकरा

आम्ही जुन्या टीममधले दोघे जरी चहाला बसलो, तरी तिसरा कप येईपर्यंत उठत नाही. एक किस्सा निघाला की त्याला धरून दुसरा येतो आणि घरची मंडळी हळूच आत निघून जातात. बाकीचे सांगताना हसतात. मी कॅप्टन होतो, त्यामुळे मी आजही आधी माणसं मोजतो.

गोष्ट एकोणीसशे पन्नास सालानंतरची. चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या, आमच्या कॉलेजात फुटबॉल खेळणारी पोरं मोजून अकरा. राखीव खेळाडू नाहीच! प्राचार्य पुण्याकडचे, शिस्तीचे. सीझनच्या सुरुवातीलाच त्यांनी मला बोलावलं. "एका जरी मॅचला अकरा जण मैदानात उभे राहिले नाहीत, तर टीम बंद."

टीम बंद म्हणजे वसतिगृहात खेळाडूंना मिळणारी जागाही बंद. आमचा गोलकीपर मडावी गडचिरोलीकडच्या जंगलातल्या गावचा. ती जागा गेली असती तर त्याचं कॉलेजच सुटलं असतं. तेव्हापासून मी जेवताना, रस्त्यात, झोपेतसुद्धा माणसं मोजू लागलो.

*

पहिल्या मॅचला कॉलेजने हौसेने बूट आणले. तोवर आम्ही सगळे अनवाणी खेळणारे. पहिल्या हाफमध्येच पाच जण घसरून आपटले. एखाद्याचा पाय मोडला तर दहाच उरणार, म्हणून मी दर वेळी डोळे मिटून घेत होतो.

आमचा बॅक रहीम, शिंप्याचा मुलगा. त्याने धावत येऊन जोरदार किक मारली. बॉल जागेवरच, आणि बूट थेट गोलमध्ये!

एका पायावर उभा राहून तो ओरडला, "कॅप्टन, हा गोल धरतेत का नाई?"

*

पावसाळा सरला की हिवताप यायचाच. एकाआड एक दिवस, दुपारी बरोबर तीनला. मडावीचा ताप सम तारखेला, रहीमचा विषम. मॅच कुठल्याही तारखेला ठेवा, एक जण गोधडीत! मी दोघांच्या तापाचं टाइमटेबल करून खोलीत लावलं होतं.

शेवटी मी पाहुण्या टीमला पत्र टाकलं की मॅच सकाळी आठला ठेवू. त्यांचं उत्तर आलं, 'कारण कळवावे.' मी प्रामाणिकपणे कळवलं, 'दुपारी तीनला आमच्या गोलकीपरला फार थंडी वाजते.'

दुपारी एवढी थंडी तर सकाळी केवढी, म्हणून चांद्याच्या उन्हात ती अख्खी टीम स्वेटर घालून उतरली!

*

चिमूरला मैदानाच्या एका अंगाला बांबूचं रान होतं. आदल्याच दिवशी तिथे गुराख्यांना वाघ दिसलेला. मॅच रंगात आली आणि बॉल नेमका त्या रानात गेला.

एरवी थ्रोसाठी एकमेकांच्या अंगावर जाणारी पोरं एकदम सज्जन झाली.

"थ्रो तुमचा हाय, भाऊ."

"छे छे, मायाच पायाले लागला ना! तुमचाच हाय!"

दोन्ही टीमनी रेफरीकडे पाहिलं. रेफरीने रानाकडे पाहिलं. मग बराच वेळ बाकी असताना त्याने लांब शिट्टी फुंकली आणि मॅच बरोबरीत सुटल्याचं जाहीर केलं.

*

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते आणि मंडईला नाटक लागतंच. आमचा वासुदेव आरमोरीजवळच्या त्याच्या गावात नायिकेचं काम करायचा. आदल्या रात्री नाटक, दुसऱ्या दिवशी मॅच; तो येईपर्यंत मी रस्त्यावरच उभा होतो. शिट्टीच्या दोन मिनिटं आधी तो धावत आला, डोळ्यांत काजळ आणि भुवया कोरलेल्या तशाच!

"तोंड तरी धुऊन ये," मी म्हटलं.

"तोंड धुवू का खेळू?"

पहिल्याच धक्क्याला तो पडला आणि सवयीने नाजूक आवाजात किंचाळला, "अगं बाई!" समोरचा बॅक कान पकडून माफी मागू लागला, आणि रेफरीने त्या बॅकवर फाऊल दिला!

*

शेवटची मॅच धानकापणीत आली. मडावी गावी गेलेला, "मॅचच्या दिशी येतोच" म्हणून. मैदानात आम्ही दहा. प्राचार्य खुर्चीवर, नजर आमच्यावर. मी तीनदा मोजलं. रेफरीने दहा मिनिटं दिली, ती संपत आली. मी चौथ्यांदा मोजायला लागलो.

तेवढ्यात एक म्हातारा काठी टेकत, धुळीने माखलेल्या पायांनी थेट मैदानात आला.

"मडावीची टीम हेच काय?"

"हो. मडावी कुठाय?"

"पोऱ्या तापानं फणफणून राह्यला. उभं राहवत नाई त्याले. मी बाप त्याचा. रातभर चालून आलो."

"पण तुम्ही काऊन आले, बाबा?"

त्याला माझा प्रश्नच कळेना. "आमच्या गावात घरामागं एक मानूस द्या लागते. रानात शिकारीचा हाका घालणं असो, का तलावाचा बांध असो. एक पडला तं घरचा दुसरा जाते. सांगा, कुठी उभं राहू?"

कोणी हसलं नाही. मी गोलकडे बोट दाखवलं. तो दोन बांबूंच्या मधोमध जाऊन, धोतराचा काचा मारून उभा राहिला.

प्राचार्य खुर्चीवरून उठले. मैदान ओलांडून त्याच्यापर्यंत गेले. त्याच्या हातातली काठी त्यांनी स्वतःच्या हातात घेतली आणि रेफरीला म्हणाले, "वाजवा शिट्टी."