बैठकीआधीच लिहिलेलं इतिवृत्त

मंडळी, आज आमच्या तालुक्याच्या घरकुल सल्लागार समितीची बैठक होती. फौजेतून परतल्यापासून दोन वर्षं मी सदस्य आहे. पत्र्याच्या शेडात राहणाऱ्या हौसाबाई आज नव्या सदस्य म्हणून पहिल्यांदाच आल्या होत्या.

बसल्या बसल्या समितीच्या सचिव साहेबांकडून सहीला कागद आला. मी सवयीनं सही केली.

हौसाबाईंनी त्यांना विचारलं, "सायेब, ह्यात काय लिवलंय?"

"बैठकीचं इतिवृत्त, मावशी. नेहमीचंच."

"आवं, बैठक अजून झालीच न्हाई. वाचून दावा."

साहेबांना वाचावं लागलं. 'सर्व अर्जांवर चर्चा होऊन यादी एकमताने मंजूर.'

हौसाबाईंनी सही केली नाही. मीही माझी खोडली. मग कुठं अर्जांची फाईल टेबलावर आली.

संताप साहेबांचा येतोच, पण जास्त माझा स्वतःचा. माझ्या सहीनं आजवर किती जणांची घरं चर्चेविना नाकारली गेली असतील? तुमच्या गावच्या समितीत कागद कोण वाचतं?