चिमूटभर मीठ

कापड छापण्याच्या कारखान्यात ती लग्नाआधीपासून नक्ष्या काढायची. सगळे तिला नक्षीवाली म्हणत. फुलं, वेली, बुट्टे यांवर तिचा हात इतका बसला होता की डोळे मिटूनही चालायचा, आणि तेच नडलं. मालकांनी एकदा तिचा कागद बाजूला सारला. "बाई, हेच फूल किती वर्षं छापायचं? काहीतरी नवं आणा."

तेव्हापासून जिवाला चैन नाही. घरी कागद घेऊन बसायची, उठायची, खिडकी उघडायची, पुन्हा लावायची. पेन्सिल टेकवली की तेच फूल.

"अगं, एका जागी बस की जरा," नवरा म्हणाला. "तुझ्याकडे बघून मलाच दम लागतोय."

सुट्टीच्या दिवशी वैतागून तिने कागदावर निळा रंग ओतला आणि त्यावर चिमूटभर मीठ टाकलं. का टाकलं, तिचं तिलाच कळलं नाही. रंग वाळता वाळता मिठाभोवती पांढरट चांदण्या उमटल्या. मग तिला कोण आवरणार? मेणबत्ती घासून वरून शाई फिरवली. रंगात बुडवलेला दोरा कागदाच्या घडीतून ओढला.

"माझा कंगवा कुठाय?" नवऱ्याने विचारलं.

"रंगात."

"आणि मी भांग कशाने पाडू?"

"आज बोटांनी पाडा."

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आता बोलणी बसणार, असं तिला वाटलं. पण त्यांनी कोबीचा अर्धा गड्डा रंगात बुडवून कागदावर दाबला आणि म्हणाल्या, "बघ, हे कसं दिसतंय."

दुसऱ्या दिवशी तिने कागद कारखान्यात नेले. मालकांनी कंगव्याने ओढलेल्या लाटा लगेच ठेवून घेतल्या. चांदण्यांवर मात्र ते अडले. "सुंदर आहे, पण छापताना हाच नमुना शेजारी शेजारी आला की कडा जुळायच्या कशा?"

ती इरेला पेटली. कागद मधोमध कापायचा, बाहेरच्या कडा आत आणून चिकटवायच्या, सांध्यावर पुन्हा रंग, पुन्हा मीठ. कितीतरी कागद वाया गेले. चिडचीड झाली, जेवणावरून मन उडालं. शेवटी एक कागद जुळला.

चांदण्यांचं ते कापड बाजारात बेताचंच खपलं. तरीही मालकांनी फुलांसाठी दुसरी मुलगी ठेवली आणि हिला नव्या नमुन्यांवर बसवलं. बसवलं म्हणायचं इतकंच. ती दिवसभर छपाईखात्यात हिंडत असते, आणि कुठे शाई सांडली तर कुणाला पुसू देत नाही.