टाचणीआत्याची ट्रायल

आत्या जिन्यावरून पडली, हे आम्हाला तिच्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं. तेही कोटाच्या बाहीचं कौतुक करता करता. "बाही काय झकास बसलीय हो! पडल्या बिचाऱ्या त्या दिवशी, पण माझी बाही पुरी करूनच दिली."

मी फोन कानाला लावून तसाच उभा. पडली? कधी? धावत गेलो, दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला, मग आत्याकडे पाहिलं, मग पुन्हा एक्स-रेकडे. खुब्याच्या हाडाला तडा होता.

"एवढं दुखत असताना तुम्ही शिवत बसलात?"

"पायाने कुठे शिवते मी? हाताने काज करत होते," आत्या म्हणाली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर "मापाचा मिळाला नाही" म्हणायची. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, पुढच्या खोलीत शिलाई मशीन आणि मागच्या खोलीत आत्या. ओठांच्या कोपऱ्यात सदानकदा टाचण्या, म्हणून साऱ्या गल्लीची ती टाचणीआत्या. तोंडात टाचण्या असताना ती व्यवस्थित बोलायची. काढल्या की बोलणं जास्त टोचायचं. आई लवकर गेली तेव्हापासून मी आणि ताई त्या मशीनच्या आसपासच वाढलो. आमच्या शाळेच्या कपड्यांना कधी दुसऱ्याचा हात लागला नाही.

"जिना बंद," डॉक्टर म्हणाले. इमारतीला लिफ्ट नाही, म्हणजे घरही बंद. आता आत्याने राहायचं कुठे?

"माझ्याकडे," मी म्हणालो.

"माझ्याकडे," ताई म्हणाली. "आमचं तळमजल्यावर आहे."

भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, घसा साफ करून म्हणाले, "हल्ली वृद्धनिवासही बरे निघालेत म्हणे." जणू भाऊजींनी शिवीच दिली. ताईने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिने कच्चं कापड करपलं असतं.

"अगं, बोलू दे की त्यांना," आत्या पलंगावरून म्हणाली. "कुठे आहेत म्हणता?"

मला वाटलं औषधाची गुंगी असेल. पण ती टक्क जागी होती. "कच्चे टाके घालून अंगावर चढवल्याशिवाय मी कुणाचा कपडा पक्का शिवला नाही. नवरी रडत आली तरी आधी ट्रायल. आणि माझं उरलेलं आयुष्य तुम्ही अंदाजाने शिवणार? सगळीकडे राहून बघते. मग ठरवते."

आम्ही हसलो. ती हसली नाही.

पाय सावरल्यावर पहिल्या वृद्धनिवासात आम्ही तिला घेऊन गेलो. दारात कारंजं, आत संगमरवर, भिंतीवर हसऱ्या म्हाताऱ्यांचे मोठमोठे फोटो. मॅनेजरबाई हॉल दाखवत होत्या आणि आत्या संडास कुठे आहे ते विचारत होती. "दाखवते ना आजी, आधी आमची बाग बघा." शेवटी आत्याने कोपऱ्यात बसलेल्या एका बाईंना विचारलं, "काय हो, तुमच्या खोलीला आतून कडी लागते?" साधा प्रश्न. पण उत्तर देण्याआधी त्या बाईंनी मॅनेजरकडे पाहिलं. आत्या एवढंच म्हणाली, "चला."

मग ताईकडे. घर ऐसपैस, जिना नाही, बाथरूममध्ये धरायला दांडी. पण ताई आणि भाऊजी एकमेकांशी बोलत नाहीत, हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं! आत्या मधे बसल्यामुळे दोघांची मोठी सोय झाली. "आत्या, त्यांना सांग, जेवायला या म्हणावं." "आत्या, हिला सांगा, भूक नाही." आठवड्याने आत्याने बॅग भरली. "राहायला म्हणून गेले आणि निरोप्याच्या नोकरीला लागले," ती म्हणाली. ताईला रडू फुटलं. पण त्यामुळे ती नवऱ्याशी थेट भांडली, हाही एक फायदाच.

मग आणखी एक वृद्धनिवास, लहानसा. तिथे आत्या चार दिवस राहून आली. कारंजं नाही. चहा म्हणजे गरम पाणी, आणि शेजारच्या खोलीतल्या बाई पत्त्यांत उघडउघड लबाडी करतात, असा आत्याचा अहवाल. पडद्यांची दुमड तर बघवत नाही म्हणाली. मी मनातून खूश. राहिलं कोण? आमचं घर! पेपर सोडवण्याआधीच पहिला नंबर आल्याचा आनंद मला झाला.

आम्ही जय्यत तयारी केली होती. पलंगाशी घंटा, बाथरूममध्ये रबरी चटई, दिव्याचं बटण हाताशी, खिडकीशी तिचं शिलाई मशीन. आत्या उठली की कुणीतरी तिला धरायला उठे. तिने कप उचलला की बायको म्हणे, "अहो आत्या, राहू द्या, मी घेते." आत्या गप्प गप्प होत गेली. मला वाटलं, रुळतेय.

तपासणीला नेलं तेव्हा तिने मला बाहेर बसवलं. थोड्या वेळाने डॉक्टरांनी आत बोलावलं. "त्यांना विसरायला होतंय म्हणतात. कात्री ठेवतात आणि सापडत नाही. डोकं कामातून चाललंय का, असं विचारताहेत."

आत्या खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी रोज मशीनच्या खणात ठेवते, असं मला वाटतं. पण वाटतं तेही खरं नसेल ना रे आता?"

घरी आल्यावर मी बायकोला बाजूला घेतलं. ती ओशाळली. "त्यांचा हात थरथरतो म्हणून मीच काढून स्वयंपाकघरात ठेवली."

"तिथून मी माझ्या कपाटात ठेवली," मुलगी म्हणाली. "आत्याआजी स्वयंपाकघरात येते ना."

आणि मुलीच्या कपाटात कात्री कशाला म्हणून मी ती माळ्यावर टाकली होती. ती आत्याची, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. माळ्यावर पाहिलं तर नाही! डोक्यात पडेल म्हणून बायकोनेच ती तिथूनही हलवली होती, आणि कुठे, हे आता तिला आठवेना. सगळं घर उलथंपालथं केलं. शेवटी कात्री माझ्या हत्यारांच्या पेटीत निघाली. म्हणजे विसराळू कोण, ते उघड झालं.

मी सगळं सांगितलं. बोलणी खायची तयारी ठेवली होती. पण आत्या एवढंच म्हणाली, "म्हणजे माझं डोकं शाबूत आहे?" आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली. उभ्या जन्मात मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. खुबा मोडला तेव्हाही नाही. बायको पायाशी बसली, मुलगी गळ्यात पडली. हे सगळं झाल्यावर आत्याने डोळे पुसले आणि शांतपणे म्हणाली, "माझी बॅग काढ. पत्तेवालीकडे जाते."

"अगं, आता कात्री सापडली ना!"

"उद्या सुई लपवाल. परवा मला."

"तिथला चहा पाण्यासारखा, तूच म्हणालीस."

"चहा पाण्यासारखा, पण मी मागितला की येतो. नाही मागितला तर कुणी येत नाही. रात्री नर्स असते, कडी आतून लागते आणि वेळ आली तर बाहेरून उघडते. आणखी काय लागतं रे मला?"

"लोक काय म्हणतील आत्या? पोराने बाहेर काढलं म्हणतील."

"म्हणू देत. त्यांना पाठव माझ्याकडे, मी सांगते मीच पोराला काढलं." मग तिने माझ्या गालावर हात ठेवला. "तुमच्या मायेत काही खोट नाही. पण कपडा कितीही भारी असला तरी त्यात हात वर करता यायला हवा."

मी तिला सोडून आलो. तिची खोली लावताना मी भिंतीवरचं कॅलेंडरही सरळ केलं होतं. तिने ते "तिरकंच बरं" म्हणून पुन्हा तिरकं केलं.

पुढच्या आठवड्यात फोन केला. "आत्या, रविवारी येतोय आम्ही सगळे. दिवसभर बसू."

पलीकडे गलका चालू होता. "रविवारी?" आत्या म्हणाली. "रविवारी नाही जमायचं. पडदे उसवून पसरलेत सगळे, आणि दुपारी डाव आहे. बुधवारी ये. येण्याआधी फोन कर हं." फोन बंद.

माझ्या सख्ख्या आत्याकडे जायला मला वेळ घ्यावी लागली. मी बायकोकडे पाहिलं, बायकोने माझ्याकडे. मग मी बुधवारची रजा टाकली.