काकांची इंग्रजी पाटी

त्या काळी बंगळुरात नुकताच इंजिनियर झालेला पोरगा ओळखायची एकच खूण होती. तो रस्त्यानं पुटपुटत चालायचा. संध्याकाळी जयनगरच्या चौथ्या ब्लॉकात असे इतके जमायचे, की नव्या माणसाला वाटावं, जवळपास मोठा यज्ञ चाललाय आणि भटजी जेवायला सुटलेत. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. अमेरिकेच्या विद्यापीठात शिरायचं तर एक परीक्षा द्यावी लागे, आणि तीत असले शब्द विचारत की ते वेळेवर कानावर पडले असते तर इंग्रज पन्नास वर्षं आधीच देश सोडून पळाले असते. माझ्याकडे त्या शब्दांची झेरॉक्स होती, चार पिढ्यांच्या हातांतून आलेली. साडेतीन हजार शब्द, आणि मधल्या पानांवर कुणाचं तरी सांबार.

आई-वडील हुबळीला, मी शिकायला काका-काकूंकडे. काकांचं शिवाजीनगरात ट्रंका नि सुटकेसांचं दुकान. अमेरिकेला गेलेलं अर्धं बंगळूर त्यांच्याकडची बॅग घेऊन गेलं. काका स्वतः म्हैसूरच्या पुढे गेलेले नव्हते. बोलणंही तसंच, म्हैसूरच्या अलीकडेच संपणारं. 'सरी' आणि 'इल्ला', म्हणजे बरं आणि नाही, एवढ्या दोन कानडी शब्दांवर त्यांनी तीस वर्षं धंदा रेटला होता; ऐकून मात्र सगळं कळायचं.

माझ्या परीक्षेवर ते एकदाच बोलले. सुताराकडून एक नवं स्टूल करवून घेतलं, दुकानात गल्ल्याशेजारी ठेवलं आणि म्हणाले, "पास झालास तर बॅग. नाहीतर हे."

सागवानी स्टूल, चांगलं रुंद. सुतार आठवडाभर आधी खिडकी दुरुस्त करायच्या निमित्तानं घरी येऊन माझ्या बैठकीकडे का टक लावून बघत होता, ते मला तेव्हा कळलं. त्या स्टुलावर एकदा टेकलो की साठीलाच उठणार, हे स्पष्ट दिसत होतं.

गंमत म्हणजे ते स्टूल काकूला हवं होतं. दुकानात बसायची तिची हौस जुनी. पण तिनं विषय काढला की काका म्हणत, "कँटोन्मेंटचं गिऱ्हाईक. इंग्लिश बोलतं. तुला जमणार नाही." काकूचं शिक्षण कानडी शाळेत दहावीपर्यंत. ती गप्प बसायची. पण तिचं गप्प बसणं हे मांजराचं गप्प बसणं होतं.

इकडे माझ्या डोक्यात शब्द राहीनात. सकाळी केलेले पन्नास शब्द दुपारच्या बिसिबेळेभाताबरोबर पचून जायचे. एकदा तर पाठ केलेला शब्द गेला तो गेलाच, शेजारचे दोन मराठी शब्दही सोबत घेऊन गेला.

काकू स्वयंपाकघरात शेंगा निवडत बसली होती. म्हणाली, "अरे, लग्नात मला एका दुपारी चाळीस उखाणे पाठ करायला लावले होते. एकही विसरले नाही. तुला स्वल्प यमक पाहिजे, दुसरं काही नाही. सांग बघू एक शब्द."

"लॅकॉनिक."

"म्हणजे?"

"फार कमी बोलणारा."

काकूनं एक शेंग मोडली, छताकडे पाहिलं, आणि खणखणीत आवाजात म्हणाली:

"यांना बोलतं करायला द्यावं कुठलं टॉनिक?
एका शब्दात संसार करतात अमुकराव लॅकॉनिक!"

'अमुकराव' ही माझी भर. काकू एरवी नवऱ्याला 'अहो' म्हणायची, नाव फक्त उखाण्यात घ्यायची. तिथे मी पुतण्या ते नाव छापून कसं टाकू?

तो शब्द मी आजतागायत विसरलेलो नाही. कुणी भूल दिली तरी आठवेल. मग काकू थांबेचना. रोज शेंगा, रोज शब्द. ऑब्ड्युरेट म्हणजे हटवादी, असं मी सांगायचा अवकाश:

"शिवाजीनगरला उतरले, भाजीचा विचारला रेट,
दोन तास घासाघीस, अमुकराव ऑब्ड्युरेट!"

पार्सिमोनियस म्हणजे चिक्कू:

"जयनगरला पायी येतात, सोडून रिकामी बस,
अमुकरावांचं नाव घेते, पार्सिमोनियस!"

उखाणा म्हटला की नवऱ्याचं नाव आलंच, त्याला काकूचा इलाज नव्हता. अशा रीतीनं साडेतीन हजार शब्द एकट्या काकांच्या खुंटीवर टांगले गेले. जगातला एकही दुर्गुण शिल्लक राहिला नाही. चांगले शब्दही होते यादीत, नाही असं नाही; पण त्यांची यमकं जुळवायला काकूला फार वेळ लागायचा.

एका रविवारी पेपरच्या मागून आवाज आला. "माझं नाव का?"

काकांनी पेपर खाली केला. काकूचा हात शेंगेवर थांबला. मी म्हणालो, "काका, कौतुक चाललंय तुमचं."

"अर्थ?"

आता खरं सांगितलं असतं तर स्टूल त्याच दिवशी. मी म्हणालो, "पार्सिमोनियस म्हणजे दूरदृष्टीचा. ऑब्ड्युरेट म्हणजे शब्दाला पक्का. लॅकॉनिक म्हणजे... तोलून बोलणारा." अगदी खोटं नव्हतं ते, नुसती इस्त्री फिरवली होती. काकू शेंगांच्या ताटात इतकी खाली वाकली, की तिचा चेहरा दिसला नाही. खांदे मात्र हलत होते.

काकांनी पेपर वर केला. पण त्या दिवसापासून त्यांच्या चालण्यात फरक पडला. आठवड्यानं ते एवढं बोलले, की मी घाबरलो: "दुकानाला नवी पाटी करतोय. शेजारचा लिहितो, फिक्स्ड रेट. समोरचा लिहितो, ऑनेस्ट. तुझे ते तीन शब्द कागदावर लिहून दे. मोठ्या अक्षरात."

मी काकूकडे पाहिलं. काकू म्हणाली, "लिही की. स्पेलिंग तेवढं नीट लिही हो."

लिहून दिलं. पेंटर सिनेमाची बॅनरं रंगवणारा, त्याला एका अक्षराला चार दिवस लागत. मी मनाशी म्हटलं, तोवर परीक्षा होईल, निकाल येईल, आणि पाटी लागेल तेव्हा मी विमानात असेन.

परीक्षेच्या हॉलमध्ये पाचशे पोरं पेन्सिली चावत होती. मी ओठ हलवत उखाणे म्हणत होतो आणि गोल काळे करत होतो. सुपरवायझर शेजारी येऊन थांबले. बराच वेळ ऐकून हळूच म्हणाले, "स्तोत्र मनातल्या मनात म्हणा. बाकीच्यांना देव नाहीत का?"

निकालाचं पाकीट दोन महिन्यांनी आलं. मार्क इतके चांगले होते, की पोस्टमननंही वाकून बघितले. मी आणि काकू पेढे घेऊन बसनं शिवाजीनगरला निघालो; झेरॉक्स काकूच्या पिशवीत होतीच. स्टूल हरलं, या आनंदात मी पेंटरला साफ विसरलो होतो.

दुकानासमोर ही गर्दी! रिक्षा थांबलेल्या, कॉलेजची पोरं पोट धरून हसतायत, बसचा ड्रायव्हर बस सोडून खाली उतरलेला. वर पिवळ्या पाटीवर, म्हशीएवढ्या लाल इंग्रजी अक्षरांत: प्रोप्रायटर पार्सिमोनियस, ऑब्ड्युरेट अँड लॅकॉनिक. खाली काका, हात बांधून, तृप्त. आणि त्यांच्या शेजारी कँटोन्मेंटातल्या एक रिटायर्ड टीचरबाई, डोळे पुसत, त्यांना एकेका शब्दाचा अर्थ कानडीत सांगत होत्या.

तिसऱ्या शब्दापर्यंत काकांचा चेहरा पाटीच्या अक्षरांइतका लाल झाला. मी पाकीट पुढे केलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"हे इंग्लिश घेऊन अमेरिका? इल्ला." त्यांनी स्टुलाकडे बोट केलं. "बस."

साडेतीन हजार शब्द येत होते मला. एकही सुचला नाही. मी स्टुलाकडे निघालो. खरं सांगतो, ते पाय पसरून वाटच बघत होतं.

एवढ्यात काकू मधून पुढे झाली आणि स्टुलावर बसली. माझ्या मापाचं ते, तिला जरा सैल.

"अगं, तू ऊठ," काका म्हणाले.

"का म्हणून? अहो, त्यानं घाबरून अर्थ बदलले. मला खरे अर्थ माहीत होते, मी गप्प बसले. मला बोला काय बोलायचं ते. पण आधी सांगा, पाटीवर खोटं काय लिहिलंय?"

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "अण्णा, अक्का म्हणतात ते बरोबर आहे!"

टीचरबाईंचं आता हसून झालं होतं. त्यांनी एक सुटकेस उचलली आणि इंग्रजीत विचारलं, ही टिकेल का? काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत काकूनं पदर सावरला नि म्हणाली, "मॅडम, प्रोप्रायटर ऑब्ड्युरेट. बॅग मोअर ऑब्ड्युरेट."

बाईंनी दोन घेतल्या. त्यांच्यामागे कॉलेजच्या पोरांनी, आणि त्यांच्यामागे बसच्या ड्रायव्हरनं, ज्याला कुठेही जायचं नव्हतं. त्या दुपारी दुकान असं रिकामं झालं, की आपण बोललो तर घुमायला लागलं.

संध्याकाळी काका बराच वेळ स्टुलाकडे बघत उभे राहिले. त्यावर काकू बसलेली, मांडीवर माझी झेरॉक्स, ओठ हलतायत.

"सरी," काका म्हणाले.

मग फळीवर चढून त्यांनी एक बॅग काढली आणि माझ्या हातात दिली. शब्द पाळला त्यांनी. दुकानातली ती सगळ्यांत लहान बॅग होती.