धापूबाईचा डबा आणि गोजराबाईच्या मुगवड्या

शेलूबाजारात धापूबाईकडून काहीच उसनं नेलं नाही असं एक घर शोधून दाखवा. चाळणी, शिडी, पापडाचं पोळपाट, ताप मोजायची नळी, सगळं गल्लीभर फिरत असतं. नवरा पूनमचंद, किराणा दुकानदार, अगदी उलटा. त्याच्या पोत्यातला एक फुटाणा तोंडात टाकला तरी तो गिळेपर्यंत तुमच्या गळ्याकडे बघत राहतो. हे जोडपं चाळीस वर्षं एकत्र कसं टिकलं, यावर चहाच्या टपरीवर बरीच चर्चा होते, आणि ती बहुतेक मीच सुरू करतो.

मागच्या उन्हाळ्यात धापूबाईला दम्यानं गाठलं. लाइट गेलेली, औषधाची वाफ देणारं मशीन बंद. कसंबसं निभावलं. मग पुण्याहून मुलानं, अर्पितनं, लाइट नसताना मशीन चालवायला बॅटरीचा डबा पाठवला. वर धरायला कडी, समोर चार्जचे टक्के दाखवणारी काच. फोनवर बजावलं, "आई, हा फक्त तुझ्या श्वासासाठी. कोणाले देऊ नको."

आई "हो" म्हणाली. तिला तेवढाच शब्द येतो.

यंदा मे महिन्यात भरदुपारी लाइट गेली आणि समोरची गोजराबाई धावत आली. "धापूबाई, नातीले पाहाले पाहुणे आले बाप्पा! कूलर बंद पडला. पोट्टी घामानं थबथबली. तुमचा डबा द्या न जरासा."

धापूबाईनं दिला. दुकानातून पूनमचंदनं पाहिलं, पण गिऱ्हाईक सोडून उठवेना. बसल्या जागेवरून ओरडला, "अवं, काहून देला?"

"पोट्टीचं लगीन जुळून राह्यलं न."

"लगीन तिचं, दम तुहा!"

पाहुणे कूलरसमोर ऐसपैस पसरले. ते गेल्यावर गोजराबाईनं डबा परत आणला, वर फडक्यात बांधलेल्या मुगवड्या. आमच्याकडे उसनं भांडं रिकामं परत करत नाहीत. वड्या पाहून धापूबाई खूश. काचेकडे कोण बघतो?

दिवस मावळायच्या आत वावधन सुटलं. गल्ली धुळीनं भरली आणि धापूबाईच्या छातीतून शिट्टी वाजू लागली. लाइट अजून आलेली नव्हती. पूनमचंदनं घाईघाईनं मशीन डब्याला जोडलं. काचेवर शून्य.

"गोजराबाई! रिकामा डबा काहून देला?"

"रिकामा?" गोजराबाई पदर खोचून बाहेर. "पावशेर वड्या ठेवल्या न वर! बिनलसणाच्या, खास तुमच्यासाठी! मी रिकामं कोनाले देत नाई!"

"वड्यानं मशीन चालते का?"

भांडण चांगलं रंगलं असतं. पण आत धापूबाईला शब्द फुटेना; खिडकीचा गज धरून बसली होती. गोजराबाईनं ते पाहिलं आणि तिचं तोंड उतरलं. पूनमचंदनं मुलाला फोन लावला.

"बाबा, तो गाडीवरून चार्ज होते. त्याची काळी वायर कुठी आहे?"

पूनमचंदनं दुकानातल्या पोत्याकडे बोट केलं. ती वायर साखरेच्या पोत्याचं तोंड बांधायला गेली होती. सुतळीचा तुकडा जपून ठेवणारा माणूस आयती वायर सोडतो काय?

"भांडू मंग," गोजराबाई म्हणाली, "आंदी पोतं सोडा, सेठ!"

गल्लीतल्या देवमनची जीप दारात आणली, इंजिन चालू ठेवलं, वायर लावली. काचेवरचा आकडा हलला आणि थोड्या वेळानं मशीन घुरघुरलं. धापूबाई सीटवर, तोंडाला मास्क. गोजराबाई तिची पाठ चोळतेय. आणि पूनमचंद खेकसतोय. वायरवर, वाऱ्यावर, देवमनवर, पुण्यावरसुद्धा. डोळे मात्र मास्कमधल्या वाफेवरून हलत नव्हते.

हळूहळू शिट्टी थांबली. बाईला घरात नेऊन बसवलं. देवमन डिझेलच्या काट्याकडे बघत म्हणाला, "सेठ, इंजन लय वेळ चाललं..."

पूनमचंदनं आतून मुगवड्यांचं फडकं आणून सीटवर ठेवलं. "घे. मी बी जीप रिकामी वापस देत नाई."

"सेठ, वड्यानं जीप चालते का?"

तेवढ्यात घरातून आवाज आला. खणखणीत, बसस्टँडवरही ऐकू गेला असेल. "अवो! डिझल टाका त्याच्या गाडीत! अन् माह्या वड्या इकडे आना!"

बायकोच्या ओरडण्यावर पूनमचंद हसलेला आम्ही पहिल्यांदाच पाहिला. मग डिझेलसाठी खिशात हात घालताना त्याचं तोंड पुन्हा आंबट झालं.